अकरा मार्चची पाकिटं

दिघी
८ जुलै २०२५

शहरबानू,

पत्र बघून तू हसशील. फोन आहे की, म्हणशील. पण तू लेकीकडे मुरूडला राहायला गेल्यापासून फोन केला तर अनम तो मोठ्या आवाजात लावते आणि तुझं सगळं घर ऐकतं. मला जे विचारायचं आहे ते तुला एकटीला विचारायचं आहे. शिवाय फोनवर मला रडू येतं. कागदावर येत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन बरं झालं, असं तुझा अल्तमश कारखान्याचा टेम्पो लावताना सांगत होता. जिना चढू नकोस.

इकडची बातमी तुला कळली असेलच. म्हसळ्याच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे सोड्यांची आमटी खाऊन चौदा मुली आजारी पडल्या. तेरा बऱ्या होऊन घरी गेल्या. प्रणाली नावाची सातवीतली एक मुलगी गेली. ती वाळवलेली कोळंबी आपल्याच कारखान्यातली होती.

शुक्रवारी अन्न खात्याचे साहेब आले. वसतिगृहात उरलेली पाकिटं आणि आपल्या गोदामातली पाकिटं त्यांनी एकत्र मांडायला लावली. सगळ्यांवर पॅकिंगची तारीख एकच, अकरा मार्च. त्यांनी मोजली, सव्वीसशे भरली. मग सुजितला विचारलं, "एका दिवसात तुमच्याकडे किती पाकिटं निघतात?" सुजित सुपरवायझर असला तरी घाबरलेला होता. पटकन बोलून गेला, "सातशे." साहेब म्हणाले, "मग एका तारखेची सव्वीसशे कशी?"

अकरा मार्च कुठला दिवस, हे तुला सांगायला नको. त्या दिवशी सकाळी अकराला हे जेट्टीवर फेरीबोटीचा दोर बांधताना खाली बसले ते उठलेच नाहीत. सुजितने मला हाक मारली तेव्हा मी मशीनवर होते. कारखाना लगेच बंद केला आणि तुम्ही सगळ्या माझ्या घरी आलात. म्हणजे त्या दिवशी काम झालं दोन तास. दोन तासांत फार तर दीडशे पाकिटं.

स्वप्निलशेठने साहेबांना सांगितलं ते असं. कोकिळाकाकी, म्हणजे मी, तेरा दिवस घरी होती. तिचं मशीन दुसरं कोणी चालवत नाही. तेवढ्या दिवसांत बायकांनी पाकिटं भरून क्रेटमध्ये उघड्या तोंडाने उभी करून ठेवली. काकी परत आली, तिने हात लावून न पाहता ती ओलावलेली पाकिटं एकामागे एक मशीनवर सोडली. आणि चाकावर जी जुनी तारीख होती तीच छापत राहिली. नवऱ्याच्या मरणाची तारीख तिच्याने काढवली नाही.

तसा कागद तयार आहे. माझी सही हवी आहे.

मला आठवत नाही, शहरबानू. सहा वर्षं ते काम माझं. पाकिटाचं तोंड पट्ट्यावरून पुढे जातं, वितळून चिकटतं आणि शेवटच्या चाकावरचे पितळी आकडे त्यावर तारीख उठवतात. ते आकडे रोज सकाळी चिमट्याने बदलायचे. एक दिवस चुकवलेलं मला ठाऊक नाही. पण चोवीस मार्चला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर आले, त्या आठवड्यातलं मला फक्त एवढं आठवतं की तू तुझा रोजा असताना माझ्यासाठी डबा आणायचीस आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत उठायची नाहीस. कोपऱ्यात क्रेट होते. त्यांत काय होतं, आठवत नाही.

तू शेजारच्या टेबलाला होतीस. मी आकडे बदलले का? चिमटा हातात घेतला होता का? असेल ते लिही. ती मुलगी माझ्या हातून गेली असेल तर मला कळायला हवं. नसेल तरी कळायला हवं. मधल्यामध्ये मला राहता येत नाही.

तुझी
कोकिळा

•

मुरूड
१५ जुलै २०२५

कोकिळा, माझ्या बहिणी,

सलाम. तुझं पत्र आलं तेव्हा जावयाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "अम्मी, बँकेची नोटीस आली का?" या घरात पत्र म्हणजे नोटीस. गुडघा बरा आहे म्हणायचा. जावई म्हणतो, तुमच्या गुडघ्यापेक्षा फेरीबोटीचा दरवाजा कमी कुरकुरतो. त्याला उत्तर द्यायचं मी अनमसाठी राखून ठेवलंय, ती देते.

मुलीचं ऐकून काळीज हललं. अल्लाह तिच्या आईला सबर देवो.

तू विचारलंस म्हणून सांगते. तू आलीस त्या सकाळी मी पाहत होते. चिमटा खिळ्याला होता, तो तू काढला नाहीस. बसलीस, बटण दाबलंस आणि क्रेटमधली पाकिटं सोडायला लागलीस. मी म्हणणार होते, कोकिळा, तारीख. पण तुझ्या तोंडाकडे बघून जीभ उचलली नाही. म्हणून यात तुझी चूक असेल तर अर्धी माझी आहे. अशा वेळी माणसाच्या हातून काय होतं, ते हाताला कळत नाही. माझे अब्बा गेले तेव्हा मी आठ दिवस चहात मीठ टाकत होते आणि घरचे पीत होते.

सही करून टाक. कोणी तुला वाईट म्हणणार नाही. शेठ सांभाळून घेईल, बोलला आहे ना तसं? कारखाना बंद पडला तर बावीस बायका कुठे जातील? दिघीत दुसरं काय काम आहे आपल्याला?

अल्तमशचं मस्कतच्या नोकरीचं होत आलंय. कागद लागले की जाईल. तू दुआ कर, तुझी लागते.

तुझी
शहरबानू

•

दिघी
२८ जुलै २०२५

शहरबानू,

तू पाहिलंस म्हणालीस, मग मला विचार करायला काही उरलं नाही. एकोणीस तारखेला सही केली.

कागद आधी वाचून काढला. सुजित म्हणाला, "काकी, वाचत काय बसताय, पुस्तक हाय का ते?" मी म्हटलं, चौथीत शाळा सुटल्यावर कार्टनवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, आता वाचल्याशिवाय कशावर हात ठेवत नाही. त्यात लिहिलं होतं, 'पतीच्या निधनाने माझी मनःस्थिती ठीक नसल्यामुळे'. पुढे होतं, 'पतीच्या मृत्यूचा दिनांक काढून टाकणे मला भावनिकदृष्ट्या शक्य झाले नाही'. ते वाचून मला त्या बाईची कीव आली. मग लक्षात आलं, ती मी.

सही झाल्यावर स्वप्निलशेठ वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, काकी, चार महिने घरी बसा, कोणी काही विचारणार नाही. साहेबांनी कारखान्याला दंड केला आणि ताकीद दिली. गेल्या सोमवारपासून शटर पुन्हा उघडं आहे.

आता कामावरच्या सगळ्या माझ्याशी फार चांगल्या वागतात. सुचिता माशांचा वाटा आणून ठेवते आणि माझ्याकडे न बघता जाते. बाजारात बायका एकमेकींना दाखवतात, ही ती, नवऱ्याची तारीख हिने पुसली नाही. एकीने तर मला जवळ घेतलं. म्हणाली, असं प्रेम आता राहिलं न्हाय. मुलीचं नाव कोणी काढत नाही. सगळ्यांना माझीच गोष्ट आवडली आहे.

म्हणून मीच गेले. वसतिगृहाच्या पहारेकऱ्याकडून गावाचं नाव काढलं आणि म्हसळ्याहून दुसरी एसटी धरली. प्रणालीच्या आईचं नाव नीराबाई. नवरा मुंबईला वॉचमन आहे. लावणी चालू होती. ती चार बायकांबरोबर खाचरात वाकलेली होती. मी बांधावर उभी राहून सांगितलं, "तुमच्या मुलीने खाल्लं ते पाकीट मी बंद केलं."

ती सरळ झाली. म्हणाली, "काय म्हणता?"

मी परत सांगितलं. कुठून आले, काय काम करते, काय चुकलं, सगळं. बाकीच्या बायकांचे हात थांबले. एक म्हणाली, "हाकला तिला." नीराबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "चपला काढा. उतरा."

मी उतरले. तिने माझ्या हातात रोपांची जुडी दिली. दोन वाजेपर्यंत आम्ही लावत होतो. मी समुद्राकाठची, मला कुठे येतंय. माझी रोपं तरंगायची. ती मागून येऊन एकेक उपटायची आणि परत खोवायची.

मग घरी नेऊन चहा दिला. भिंतीला प्रणालीचं दप्तर होतं. नीराबाई म्हणाली, "वसतिगृहाच्या बाई आल्या न्हाईत. कारखानदार आला न्हाय. सरकारी मानूस आला, त्याने अंगठा घेतला नि गेला. कोण म्हणतो पानी खराब, कोण म्हणतो पोरीलाच आधीपासून काय व्हतं. मी कोनाला धरू? तुम्ही आलाव. आता मला कळलं तरी."

मी म्हटलं, "मला शिव्या द्या."

ती म्हणाली, "देईन. आज न्हाय. परत या."

शहरबानू, तेव्हापासून मी जेवते. पाकीट मीच बंद केलं, हे पक्कं झालं. पक्क्या गोष्टीखाली माणूस उभं राहू शकतं, कितीही जड असली तरी. ते तुझ्यामुळे झालं. तू खोटं बोलून माझं मन राखलं असतंस तर मी मधेच लटकत राहिले असते.

तुझी
कोकिळा

•

मुरूड
४ ऑगस्ट २०२५

कोकिळा,

पत्र मिळालं. तब्येत बरी नाही, जास्त लिहीत नाही. फेरी दोन दिवस बंद होती, पाऊस फार आहे.

त्या बाईच्या घरी परत जाऊ नकोस. कशाला जातेस? सही झाली, विषय मिटला. तिच्या दुःखात तू घर बांधू नकोस. आणि असं सगळं कागदावर लिहीत जाऊ नकोस. कागद कोणाच्याही हातात जातो.

अल्तमशचा व्हिसा आला. तिकीट बघतोय.

शहरबानू

•

दिघी
१२ ऑगस्ट २०२५

शहरबानू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझ्यासारखं ते वाटत नाही. ना जावई, ना गुडघा.

नीराबाईकडे मी दुसऱ्यांदा जाऊन आले. तिने शिव्या दिल्या. चुलीपुढे बसून, आवाज न चढवता, एकेक. मी ऐकल्या. मग आम्ही दोघींनी नाचणीची भाकरी खाल्ली. निघताना तिने मला प्रणालीची हस्ताक्षराची वही दाखवली.

पण आज लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी.

काल नखं कापत होते. उजव्या अंगठ्याच्या नखात एक काळा डाग आहे. गेले कित्येक महिने तो नखाबरोबर वर सरकतो आहे. आता टोकाला आला. कापताना मनात आलं, हे रक्त कधी साकळलं?

आणि मग आठवलं. हळूहळू नाही, एकदम. चाकावर अकरा होता, म्हणजे दोन एक. तेरा दिवस मशीन बंद, शाई सुकून दगड झालेली. पहिला एक निघाला. दुसरा निघेना. मी चिमट्याने जोर लावला आणि चिमटा सटकून अंगठ्यात गेला. नखाखाली रक्त आलं. तू उठून आलीस. हळद नव्हती, पट्टी नव्हती. तू कार्टनला लावायची चिकटपट्टी फाडलीस आणि माझ्या अंगठ्याला गुंडाळलीस. म्हणालीस, "आता तुझ्यावर पत्ता लिहिते नि मुंबईला पाठवते." हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. हसले म्हणून मग रडले. तू माझं डोकं दाबून धरलंस आणि दुसरा एक तूच उचकटून काढलास.

मी तिथे दोन आणि चार बसवले. चोवीस.

यांच्या मरणाची तारीख मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काढून टाकली. माझ्या हाताने. लोक म्हणतात तसं प्रेम माझ्याकडे नव्हतं. मी कामावर आले आणि काम केलं.

मग तू काय पाहिलंस?

तू पाहिलंस म्हणून मी सही केली. तू पाहिलंस म्हणून मी एका आईच्या दारात जाऊन सांगितलं, मी मारली. आता लिही.

कोकिळा

•

मुरूड
२२ ऑगस्ट २०२५

कोकिळा,

परवा अल्तमश मस्कतला पोचला. त्याचा फोन आला, खोली चांगली आहे म्हणाला. त्या फोनची मी वाट पाहत होते. तो येईपर्यंत तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझ्याबद्दल काही चांगलं वाटायला नको.

अकरा मार्चला तुझ्या घरून सगळे स्मशानाकडे गेले. आम्ही बायका तुझ्याजवळ बसलो. पाच वाजले. माझी पिशवी कारखान्यात राहिली होती, तिच्यात रोजा सोडायचे खजूर आणि घराची चावी. मी ती आणायला गेले. शटर गुडघ्याएवढं वर होतं आणि आत मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, तूच बसली आहेस. वेडी झाले होते मी पण. वाकून आत गेले.

स्वप्निलशेठ तुझ्या स्टुलावर बसून पाकिटं सोडत होता. सुजित गोणी ओतत होता. दुकानांतून परत आलेला गेल्या सालचा माल होता, तू ओळखतेस तो, काळपट, बुरशीचा वास असलेला. जुनी पाकिटं फाडून ढीग केला होता. निवडणं नाही, वजन नाही, रात्रभर मशीन चालवून त्यांनी तो सगळा संपवला. चाकावर तू सकाळी बसवलेली तारीख होती. आकडे बदलायचे त्यांना सुचलंही नाही, आयती मिळाली होती. एरवी बावीस बायकांच्या डोळ्यांदेखत हे कसं करणार? त्या दिवशी सगळ्या तुझ्याकडे होत्या. तुझ्या घरी मयत, म्हणून त्यांना कारखाना रिकामा मिळाला.

शेठ म्हणाला, "मावशी, थोडा जुना माल आहे, ऊन दाखवलंय, काही होत नाही."

आणि कार्टनला चिकटपट्टी लावत होता माझा अल्तमश.

तो मला म्हणाला, "अम्मी, शेठने सांगितलं, मी लावतोय." टेम्पोत भरलेही त्यानेच. जूनमध्ये वसतिगृहात कार्टन उतरवले तेही त्यानेच. तिथल्या मुलींनी त्याला पाणी दिलं, हे त्याने मला नंतर सांगितलं. ती मुलगी गेल्याचं कळल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. पोलिसांत जातो म्हणाला. मी त्याला कुराण हातात देऊन कसम घातली. म्हटलं, तू कामगार, शेठ सुटेल आणि तू अडकशील. मी खोटं बोलले असं मला वाटलं नाही, कारण तसंच झालं असतं.

मग तुझं पत्र आलं. तूच म्हणत होतीस, मला आठवत नाही. तिथे मी ते सगळं भरलं. क्रेट रिकामे होते, कोकिळा. त्या तेरा दिवसांत आम्ही नुसतं निवडत आणि वजन करत होतो, एक पाकीट भरलं नव्हतं. तू आलीस, आकडे बदललेस, अंगठा कापलास. सगळं तुला आठवलं तसंच.

मी तुला आणि त्याला समोर ठेवलं आणि त्याला उचललं. आई आहे मी. तुला मूल नाही म्हणून तुला कळणार नाही, असं लिहिणार होते. ते लिहायचं नव्हतं, म्हणून खरं काय ते सगळं लिहिलं.

जबानी माझ्याकडे मागू नकोस. मी बोलले तर त्याचं नाव येईल आणि त्याला परत यावं लागेल. बाकी तुला जे करायचं ते कर. माझ्यावर राग असेल तर तोही कर. आहे का?

शहरबानू

•

दिघी
१० सप्टेंबर २०२५

शहरबानू,

राग आहे का, विचारलंस. तुझं पत्र आलं तेव्हा सगळीकडे गणपती होते. यंदा आमच्याकडे आणायचा नव्हता. मी घरात बसून शोधून पाहिला, राग. सापडला नाही. तुला मुलगा होता, तू त्याला वाचवलंस. मला कोणी असतं तर मीही हेच केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून ती गोष्ट मी सोडून दिली. पण तू रोज्यात आणलेल्या डब्याची आता मला चव आठवत नाही, हे मात्र खरं.

मी अलिबागला अन्न खात्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, अल्तमशचं आणि तुझं नाव सोडून. त्यांनी फाईल काढली. माझा कागद माझ्याकडे फिरवला. "सही तुमची?" म्हटलं, हो. "वाचून केली?" म्हटलं, हो, वाचून केली. मग म्हणाले, "बाई, एकाच माणसाच्या दोन जबान्या आहेत आणि दोन्ही उलट्या. दुसरा कोणी पाहणारा आहे का?" मी म्हटलं, आहे, पण बोलणार नाही. तो माल तपासायला आता उरलेला नाही, जाळून टाकलाय. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि त्या कागदाच्या खाली लावलं. माणूस वाईट नव्हता.

येताना कारखान्यावरून आले. सुचिता मला बघून बाहेर आली. नवीन मशीन आलंय. तारीख आपोआप बदलते, हात लावायला लागत नाही. सुचिता म्हणाली, "काकी, आता चुकायचं कामच न्हाय." मग तिच्या लक्षात आलं आणि ती लाजली. मी तिला सांगितलं, "मी चुकले नव्हते ग." तिने माझा हात दाबला. म्हणाली, "व्हय काकी, व्हय." आजाऱ्याला म्हणतात तसं.

दिघीत मला खरं सांगायला जागा उरली नाही. इथे त्यांना कागदातली ती दुसरी बाई हवी आहे. म्हणून काल नीराबाईकडे गेले. वाटलं, तिच्याजवळ तरी हे टाकावं. तिच्या मुलीचं आहे, तिला खरं मिळायला हवं.

पावसाने उघडीप दिली होती. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. स्मशान, रिकामा कारखाना, जुना माल, चाकावरची तारीख. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही न्हाय."

"नाही."

"मग कोनी?"

"शेठने. गेल्या सालचा माल नवा म्हणून भरला."

"तो आलाय का कधी हिकडे?"

"नाही."

"येनार हाय?"

मी म्हटलं, "नाही येणार."

"त्याला कोन धरनार हाय?"

मी अलिबागचं सांगितलं. दोन जबान्या, एका फायलीत, एकाखाली एक. तिला ते समजलं. गरीब माणसाला अशा गोष्टी पटकन समजतात.

"त्याचं तोंड मी बघितलं न्हाय," ती म्हणाली. "शिव्या द्यायला बसले तर डोळ्यापुढं काय आनू? तुमचं तोंड हाय माझ्याजवळ. तुम्ही पावसात आलाव, बांधावर उभ्या राहून बोललाव, मी मारली. तवापासून मला रडू येतं. त्याआधी येत नव्हतं. घरात कोनी नसलं की मी तुमच्याशी भांडते. पोरीला सांगते, ती आली व्हती हां, तिने कबूल केलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आता ते तुम्ही परत मागताव. ते दिलं तर माझ्याकडे काय ऱ्हातं?"

मी चोवीस मार्चला तारीख बदलली होती, हे जगात खात्रीने फक्त दोघींना ठाऊक आहे, शहरबानू, एक तू आणि एक मी. मला वाटलं होतं, तिसरी ती असेल.

मी म्हटलं, "राहू द्या. तुमच्याजवळच राहू द्या."

ती म्हणाली, "मग मघाशी बोललाव ते?"

"ते खोटं," मी म्हटलं. "भीती वाटली म्हणून बोलले. पाकीट मीच बंद केलं."

तिने मान हलवली आणि सूप परत मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "बसा. च्या टाकते."

तुला आता बोलायची गरज नाही. अल्तमशला कळव, त्याने निर्धास्त राहावं.

कोकिळा